करंट तिसरा हिस्सा, पॉवर फॅक्टर उणे: चिपच्या पोटात काय होऊन राहिलं?

पॅनेलवाला_हिंगणा, रात्री ११.४०

राम राम मंडळी. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

हिंगणा एमआयडीसीच्या मागच्या अंगाला माझं पत्र्याचं शेड आहे. सबमर्सिबल पंपाचे स्टार्टर पॅनेल बनवतो. मी आणि दोन पोट्टे. गिऱ्हाईक बहुतेक काटोल-नरखेडकडचे संत्रावाले आणि त्यांची रड एकच. रात्री थ्री-फेज येते, ऑटो स्विच मोटर चालू करते, दोन-अडीचला बोअर आटतो, मोटर कोरडीच फिरत राहते आणि सकाळी वावरात पाय टाकला की जळक्या वायंडिंगचा वास. मग मोटर वर काढा, पाइप मोजा, वायंडरच्या दारात नंबर लावा. आंबिया बहाराचा ताण तोडायच्या वेळेला आठ दिवस मोटर नाही म्हटल्यावर झाडावर काय डोंबल येणार?

माझा जुना बोर्ड असा: एक एटमेगा३२८ प्रोसेसर, दोन एलएम३५८ ऑपअँप, एक एलएम३९३ कंपॅरेटर आणि पाच प्रीसेट (पेचकसने फिरवून बसवायचे रेझिस्टर). करंट कमी झाला की मोटर बंद. ते पाच प्रीसेट म्हणजे माझ्या जिवाला घोर. डिसेंबरात शेडमध्ये बसून, बारीक पेचकस घेऊन सेट केलेला पॅनेल नवतप्यात वावरातल्या लोखंडी पेटीत वेगळंच बोलतो. आणि नुसत्या करंटवर कोरडी मोटर नीट कळतही नाही. रात्री व्होल्टेज चढलं की रिकाम्या मोटरचा करंटही चढतो, बोर्डाला वाटतं पाणी आहे. पॉवर फॅक्टर (करंट व्होल्टेजशी किती जुळून चालतो तो आकडा) पाहिला तर फरक ठळक दिसतो. भारावर ०.८ च्या आसपास, कोरडी झाली की निम्म्यावर.

म्हणून पीसॉक ५एलपी या चिपचा (आत प्रोसेसरही आणि जोडणी बदलता येणारे अ‍ॅनालॉग भागही) छोटा किट आणला, सीवाय८सीकिट-०५९. डोक्यात एकच गोष्ट होती की ऑपअँप (सिग्नल वाढवणारा), कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारा), एडीसी (व्होल्टेजचा आकडा बनवणारा) सगळं एकाच चिपमध्ये, आणि आतली तार कुठून कुठे जाणार ते माऊसने काढायचं. प्रीसेटची कटकट गेली.

जोडणी सांगतो. पाच एचपीची मोटर. करंटसाठी १००० ला १ ची गोल सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर), तिच्यावर १०० ओहम. म्हणजे ८ अँपिअरला ०.८ व्होल्ट. हे सगळं अडीच व्होल्टवर उचललेलं. पिनच्या आधी संरक्षणाला १० किलोओहम. व्होल्टेजचा चॅनेल वेगळा, विभाजक लावून, त्यालाही पिनच्या आधी १० किलोओहमच.

क्लॅम्प मीटर ७.६ अँपिअर दाखवते. माझा बोर्ड २.३ दाखवतो. व्होल्टेज अगदी बरोबर, २३१ ला २३१. आणि पॉवर फॅक्टर येतो उणे ०.३३. उणे! म्हणजे माझ्या शेडमधली मोटर पाणी उपसायचं सोडून वायरमनला वीज परत देऊन राहिली.

सीटी उलटी करून पाहिली. अधिक ०.३३ झाला, बाकी तेच. सीटी बदलली, तेच. तीन रात्री गेल्या. पोट्टे म्हणतात भाऊ, जुनाच बोर्ड बरा होता.

प्रश्न दोन. हे होऊन काय राहिलं? आणि या चिपच्या आत नेमकं काय असतं? ऑपअँप खरंच असतो की सॉफ्टवेअरने ऑपअँपचं सोंग आणलेलं असतं? हे समजल्याशिवाय दोनशे पॅनेलची ऑर्डर त्याच्या भरवशावर घ्यायची माझी छाती होत नाही.


झिरो_क्रॉसिंग, सकाळी ७.१५

मी पुण्यात मोटर ड्राइव्हवर काम करते, त्यामुळे असली उणे पॉवर ओळखीची आहे. बहुतेक वेळा दोष असतो तो करंट आणि व्होल्टेज एकाच क्षणी न मोजण्याचा. ५० हर्ट्झला १ मिलिसेकंद म्हणजे १८ अंश. मोजण्यात ४ मिलिसेकंदांचं अंतर पडलं की ७२ अंश गेले, मग पॉवर फॅक्टरचं काहीही होऊ शकतं.

तुम्ही डेल्टा-सिग्मा जातीचा एडीसी मल्टिप्लेक्सर (एकामागून एक चॅनेल जोडणारा स्विच) लावून वापरत आहात का? या चिपमध्ये तो एकच आहे. २० बिटांपर्यंत जातो म्हणून सगळ्यांना मोह होतो. पण चॅनेल बदलला की त्याच्या आतलं फिल्टर नव्याने भरावं लागतं, पहिली काही सॅम्पल फेकून द्यावी लागतात आणि दोन चॅनेल कधीच एका क्षणाचे मिळत नाहीत. तुमच्या कामाला दोन सार एडीसी (दुसरी, झटपट मोजणारी जात) घ्या. १२ बिटांचे आहेत, सेकंदाला १० लाख सॅम्पलपर्यंत जातात. दोघांना एकच ट्रिगर द्या.

मात्र करंटचा आकडा तिसरा हिस्सा का येतो, ते यातून सुटत नाही, हे मलाही दिसतंय.


पॅनेलवाला_हिंगणा, सकाळी ९.०५

ताई, दोन सारच घेतले आहेत. एकाच टायमरचा ट्रिगर, सेकंदाला ६४००, म्हणजे एका सायकलला १२८ सॅम्पल. तुमचं वाचून आत्ता एक केलं. सॉफ्टवेअरमध्ये दोघांची अदलाबदल केली, करंट दुसऱ्या सारकडे, व्होल्टेज पहिल्याकडे. तारेला हात लावला नाही, फक्त माऊस. चूक करंटबरोबरच राहिली, सारबरोबर गेली नाही.

हे एवढं मात्र मस्त आहे राव. जुन्या बोर्डवर असं करायला सोल्डरिंग गन तापवावी लागली असती.


काका_ऑसिलोस्कोप, सकाळी ९.४०

अदलाबदल केलीस ते चांगलं केलंस. आता दोन गोष्टी सांग. करंट कोणत्या पिनवर घेतला आहेस? आणि तो १० किलोओहम काढून तिथे १ किलोओहम लावला तर रीडिंग किती येतं? बाकी काहीही हलवायचं नाही. प्रोग्रॅम तोच, सीटी तीच.


पॅनेलवाला_हिंगणा, सकाळी १०.२०

काका, पिन पी०.४. तारा सरळ जातात म्हणून ती घेतली. व्होल्टेज पी२.५ वर आहे.

१ किलोओहम लावला. करंट ७.२. पॉवर फॅक्टर ०.५८. अधिक आहे, उणे नाही. (सीटी आधीच सुलटी केली होती.)

हे काऊन झालं? रेझिस्टर तर एडीसीच्या आधी आहे, एडीसी काही पिऊन राहिला का?


काका_ऑसिलोस्कोप, दुपारी १.१०

एडीसी नाही पीत. तुझ्या किटवर पी०.४ ला एक मायक्रोफॅरॅडचा कॅपॅसिटर लावलेला आहे. किट बनवणाऱ्याने लावला, तू नाही. बोर्ड उलटा-सुलटा करून, भिंग घेऊन त्या पिनेच्या मागे जा. मिठाच्या खड्याएवढा, तपकिरी.

आता हिशेब कर. १० किलोओहम गुणिले १ मायक्रोफॅरॅड म्हणजे १० मिलिसेकंद. कटऑफ, म्हणजे जिच्या वरचं गाळलं जातं ती फ्रिक्वेन्सी, आला १६ हर्ट्झच्या जवळ. तुझी लाईन ५० हर्ट्झ. त्या गाळणीतून शंभरातले तीस पार होतात आणि तेही ७२ अंश मागे पडून. ७.६ चे तीस टक्के घे, २.३ आले. मोटरचा खरा कोन ३७ अंश, त्यात ७२ मिळव, १०९ झाले. त्याचा कोसाइन उणे ०.३३. मॅडमनी ७२ अंशांचं उदाहरण दिलं ते योगायोगाने, पण आकडा बरोबर तोच निघाला. १ किलोओहमला कटऑफ १६० हर्ट्झच्या घरात गेला, म्हणून ७.२ आणि १७ अंशांची चूक उरली. रेझिस्टर बदलल्यावर उत्तर हललं तिथेच कळतं की दोष गणितात नाही, सारमध्ये नाही, त्या दोघांच्या अलीकडे आहे.

तो कॅपॅसिटर वेडेपणाने लावलेला नाही. सारला आतून एक संदर्भ व्होल्टेज लागतं. सार जोरात पळवला की ते डळमळतं. ते स्थिर राहावं म्हणून त्याला बाहेरून कॅपॅसिटरचा टेकू देण्याची सोय आहे, आणि ती सोय ठराविक पिनांवरच आहे. या किटवर पी०.२, पी०.३, पी०.४ आणि पी३.२ या चारही पिनांवर असे कॅपॅसिटर बसवलेले आहेत, सारसाठी आणि डेल्टा-सिग्मासाठी. पी१५.४ वर आणखी एक, बारका, तो स्पर्शाच्या बटणांसाठी. तुला सॉफ्टवेअरने यातलं काही सांगितलं नाही, कारण त्याला चिप ठाऊक आहे, बोर्ड ठाऊक नाही.

करंट पी२ च्या एखाद्या मोकळ्या पिनेवर ने आणि १० किलोओहम परत लाव. झालं.

आता तुझा दुसरा प्रश्न. मी ३१ वर्षं वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनला काढली. ऑपअँपच्या रांगा लावलेली कार्डं दुरुस्त केली. त्यामुळे ही चिप हातात आली तेव्हा मलाही तोच संशय आला होता की हे सोंग असणार. सोंग नाही. ऑपअँप खरे आहेत, चार आहेत, आणि त्यांचे आउटपुट कुठेही निघत नाहीत. पी०.०, पी०.१, पी३.६, पी३.७ या चारच दारांनी निघतात. वळसा घालून दुसऱ्या पिनेवर नेता येतं, पण मग मध्ये स्विच येतात आणि ऑपअँपची ताकद त्या स्विचमध्ये जिरते.

'प्रोग्रॅमेबल' म्हणतात ते मुख्यतः या स्विचांना. चिपच्या डाव्या अंगाला आठ आणि उजव्या अंगाला आठ अशा अ‍ॅनालॉग तारा आडव्या गेलेल्या आहेत, शिवाय दोन्ही अंगांना एकेक लांब बस. प्रत्येक साध्या पिनेला यातली एक तार आणि एक बस मिळते, मनाला येईल ती नाही. तू माऊसने रेघ ओढतोस तेव्हा सॉफ्टवेअर त्या स्विचांपैकी कोणते जोडायचे ते ठरवतं आणि चिप सुरू होताना फ्लॅशमधून ते रजिस्टरमध्ये लिहिलं जातं. आपल्या जुन्या टेलिफोन ऑपरेटरच्या बोर्डासारखं. दोर लावला, बोलणं सुरू. पण तो दोर तांब्याचा नाही, ट्रान्झिस्टरचा आहे. एकेका स्विचला काही शे ओहम असतात. मिलिअँपिअर वाहून न्यायला गेलास तर व्होल्टेज वाटेतच पडेल. मोजायला चालतं, भार ओढायला नाही. आणि पी१२ च्या पिना तर अ‍ॅनालॉग घेतच नाहीत, त्या निराळ्या जातीच्या आहेत.

म्हणून कागदावर आधी पिना ठरवायच्या, मग रेघा. तू उलटं केलंस. सगळेच करतात.

डिजिटल बाजूचंही तसंच. २४ ठोकळे आहेत, यूडीबी म्हणतात. प्रत्येकात दोन छोटे पीएलडी (हवं तसं जुळवता येणारं लॉजिक) आणि ८ बिटांचा एक डेटापाथ, म्हणजे बेरीज-वजाबाकी, तुलना, सरकवणं करणारा बारका गणित्या. त्यांच्यातून टायमर बनव, यूएआरटी (सिरीयल पोर्ट) बनव, नाहीतर स्वतःचं लॉजिक बनव. तुझ्या कामात याचा खरा उपयोग कंपॅरेटरबरोबर आहे. कंपॅरेटर, तिथून यूडीबीतलं लॉजिक, तिथून ट्रिपची पिन. प्रोसेसर लटकला, लूपमध्ये अडकला, तरी ही वाट चालूच राहते. कोणी तुला सांगेल की ही ट्रिप मायक्रोसेकंदात होते. खरं आहे, पण तुझा कॉन्टॅक्टर सोडायला दहा-वीस मिलिसेकंद घेणार आहे, तेव्हा त्या मायक्रोसेकंदाचं लोणचं घालायचं का? शॉर्ट सर्किट एमसीबी पाहील. प्रोसेसर मेला तरी ट्रिप जिवंत, फायदा तेवढ्यासाठी.

एक गोष्ट मात्र लिहून ठेव. लाईट आल्यावर चिप जागी होऊन स्वतःचे स्विच लावेपर्यंत तिच्या पिना लटकलेल्या असतात, ना वर ना खाली. रिलेच्या ट्रान्झिस्टरच्या बेसला खाली ओढणारा १० किलोओहम नसेल तर तेवढ्या वेळात रिले थरथरतो. मी एकदा हे विसरलो होतो. पंप नव्हता, वाल्व्ह होता, आणि माझ्यासमोर उघडझाप करायला लागला. त्या दिवशीचं जेवण गेलं नाही.


तर्री_पोहे_०७१२, दुपारी ३.३०

काका, मध्येच घुसतो, माफ करा. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इथलाच. आम्हाला शिकवताना सांगितलं की पीसॉकमध्ये 'स्विच्ड कॅपॅसिटर' असतो आणि तो रेझिस्टरसारखा वागतो. सर फॉर्म्युला लिहून पुढे गेले. कॅपॅसिटर रेझिस्टर कसा होतो?


काका_ऑसिलोस्कोप, दुपारी ४.१५

घरी कूलर आहे ना? मे महिन्यात नळाला पाणी नसलं की टाकीतून बालटीने भरतोस. बालटी ५ लिटरची. मिनिटाला एक बालटी टाकलीस तर मिनिटाला ५ लिटर, दोन टाकल्यास तर १०. दुरून पाहणाऱ्याला वाटेल पाइप लावला आहे. बालटी मोठी कर किंवा फेऱ्या वाढव, पाइप जाड झाल्यासारखं होईल.

कॅपॅसिटर म्हणजे ती बालटी. एक स्विच त्याला इकडच्या व्होल्टेजला जोडून भरतो, दुसरा तिकडे नेऊन रिकामा करतो. रेझिस्टन्स निघतो एक भागिले फेऱ्या गुणिले बालटी. १ पिकोफॅरॅड, सेकंदाला दहा लाख फेऱ्या, तर १ मेगाओहम. फेऱ्या दुप्पट केल्या की ५०० किलोओहम. म्हणजे क्लॉक बदललं की फिल्टर बदललं.

आता यातली गंमत हिंगणावाल्यानेही ऐकावी, कारण त्याच्या प्रीसेटच्या दुखण्याचं औषध इथेच आहे. सिलिकॉनवर अचूक १ पिकोफॅरॅड बनवणं कठीण. पण शेजारी-शेजारी दोन कॅपॅसिटर बनवले आणि दुसरा पहिल्याच्या आठपट ठेवला, तर ते आठाचं प्रमाण फार नेमकं येतं. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, ठरतो प्रमाणावर. उन्हात चिप तापली तर दोघं सारखेच तापतात, प्रमाण जागच्या जागी. तुझ्या बोर्डावर प्रीसेट एका कोपऱ्यात, रेझिस्टर दुसऱ्या कोपऱ्यात, एक कार्बनचा एक मेटल फिल्मचा, मग नवतप्यात ते एकमेकांचं ऐकतील कशाला?

पहिल्या पिढीच्या पीसॉकमध्ये या स्विच्ड कॅपॅसिटरचेच ठोकळे भरपूर होते, प्रोसेसर मात्र साधा ८ बिटांचा एम८सी. पीसॉक ३ मध्ये ८०५१ आला, ५एलपीमध्ये कॉर्टेक्स-एम३. ५एलपीत असे ठोकळे चारच उरले. त्यातून पीजीए (गेन बदलता येणारा अ‍ॅम्प्लिफायर) बनतो, १ पासून ५० पर्यंत गेन. त्यात प्रमाण चिपमधल्याच रेझिस्टरचं असतं, पण तत्त्व तेच. संदर्भ व्होल्टेज १.०२४ व्होल्ट, ०.१ टक्क्यात. पाच प्रीसेट फेकायला एवढं पुष्कळ झालं.


झिरो_क्रॉसिंग, सायंकाळी ६.५०

काका, योगायोगाचा आकडा मान्य! त्या पिनेवरच्या कॅपॅसिटरचा विचारही माझ्या मनात आला नव्हता.

दोनशे पॅनेलबद्दल मी थोडं थंड पाणी ओतते. पीसॉक बनवणारी सायप्रेस २०२० च्या एप्रिलमध्ये इन्फिनिऑनकडे गेली. ५एलपीसाठी लागणारं पीसॉक क्रिएटर फक्त विंडोजवर चालतं आणि त्यांच्या नव्या मोडसटूलबॉक्समध्ये ५एलपी नाही. चिप उत्तम आहे, पण तुम्ही पुढची दहा वर्षं हेच पॅनेल विकणार असाल तर माल घेण्याआधी वितरकाकडून उपलब्धता लेखी घ्या.

मी असते तर एसटीएम३२जी४७४ पाहिला असता. १७० मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम४, १२ बिटांचे पाच एडीसी, सहा ऑपअँप, सात कंपॅरेटर. ऑपअँपचा गेन आतूनच ६४ पर्यंत. त्याच्यात रेघ ओढण्याचं स्वातंत्र्य नाही, कोणता ऑपअँप कोणत्या पिनेवर ते कारखान्यातच ठरलेलं आहे. पण पंपाच्या पॅनेलमध्ये तुम्ही रोज जोडणी थोडीच बदलणार आहात?

आणि जास्त काही नको असेल तर टीआयचा एमएसपी४३०एफआर२३५५. त्यात चार 'स्मार्ट अ‍ॅनालॉग कॉम्बो' आहेत, प्रत्येकात एक ऑपअँप आणि १२ बिटांचा डॅक (आकड्याचं व्होल्टेज बनवणारा). मेमरी एफरॅमची आहे. लाईट जाता जाता 'मोटर इतक्या वाजता कोरडी झाली' अशी नोंद त्यात लगेच लिहिता येते, फ्लॅशसारखं आधी पान पुसायची भानगड नाही. शेतावर लाईट किती वेळा जाते ते मी सांगायला नको.


काका_ऑसिलोस्कोप, रात्री ८.२०

मॅडमचं म्हणणं बरोबर आहे. तरी मी याला सुरुवातीला ५एलपीवरच काम कर म्हणेन. कारण हा अजून शोधून राहिला आहे की काय मोजायचं, किती गेन लागतो, फिल्टर कुठे हवं. अशा वेळी माऊसने तार हलवता येणं हेच सोनं. नक्की झालं की मग स्वस्त, ठरीव जोडणीच्या चिपवर उतरव.

आणि हिंगणावाले, तुला एक गृहपाठ. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. चिपमध्ये ८ बिटांचा करंट डॅक आहे, आकडा सांगशील तेवढा करंट सोडणारा. २५५ मायक्रोअँपिअरची रेंज घे, १०० मायक्रोअँपिअर सोड. तो डॅक आणि सार दोन्ही एकाच मल्टिप्लेक्सरला जोड आणि सगळ्या पिनांवरून फिरव. बाहेरच्या तारा काढून ठेव. १ मायक्रोफॅरॅड असेल तिथे १ व्होल्ट चढायला १० मिलिसेकंद लागतील. मोकळ्या पिनेवर डोळ्याचं पातं लवायच्या आत टोकाला जाईल.


पॅनेलवाला_हिंगणा, सहाव्या दिवशी, रात्री १०.३०

काका, गृहपाठ केला. मल्टिप्लेक्सरला वीस पिना लावल्या, एक पिन झाली की तिला शून्यावर आणून पुढची. सगळ्या छापायला एक सेकंदही लागला नाही.

पी०.२: ९.६ मिलिसेकंद. पी०.३: ९.९. पी०.४: ९.४. पी३.२: १०.१. पी१५.४: २२ मायक्रोसेकंद. बाकीच्यांना मोजायलाच सापडलं नाही, पहिल्या सॅम्पलला वर गेलेले. नेमक्या तुम्ही सांगितल्या त्याच पाच. माझ्याकडचा मोठा पोट्टा तर हे पाहून म्हणे, भाऊ, ही चिप स्वतःचाच बोर्ड तपासून राहिली. त्याने भिंग लावून पी०.४ चा खडाही शोधला. तुम्ही म्हटलं तसाच, तपकिरी.

आता हाच प्रोग्रॅम मी प्रत्येक पॅनेलच्या टेस्टिंगला ठेवणार आहे. गेल्या वर्षी एका लॉटमध्ये सोल्डरचा शिंतोडा दोन पिनांमध्ये बसला होता आणि तो वावरात गेल्यावर कळला होता. तो असा शेडमध्येच कळेल.

करंट पी२.३ वर नेला. क्लॅम्प ७.६, बोर्ड ७.६. पॉवर फॅक्टर ०.७९. रिलेला खालचा १० किलोओहम लावला (नव्हता, खरं सांगतो). ताई, वितरकाला मेल टाकला आहे, आणि एमएसपी४३० चा किटही मागवून ठेवला. नोंदीचं तुमचं म्हणणं पटलं. सध्या नोंद चिपच्या २ किलोबाइट ईईप्रॉममध्ये ठेवतो.

बुधवारी काटोलच्या पुढे एका ओळखीच्या वावरात पहिला पॅनेल बसवला. पॉवर फॅक्टरची सीमा ०.५५ ठेवली, सलग आठ सेकंद खाली राहिला तर बंद. आज पहाटे साडेपाचला फोन. तुमचा नवा डबा बेकार आहे म्हणे, रात्रीतूनच मोटर बंद पडली, ओलित अर्धवट राहिलं, जुना लावून द्या. शिव्या वेगळ्या. मी म्हटलं दादा, बोअरमध्ये दोर सोडून पाहा. दुपारी जाऊन नोंद काढली: २ वाजून १७ मिनिटं, पॉवर फॅक्टर ०.४१, करंट ४.४.

दोर पंपापर्यंत कोरडा निघाला होता. तरी ते म्हणतात, बंद करायच्या आधी फोन करायचा ना.


काका_ऑसिलोस्कोप, रात्री १०.५५

यूडीबीत एक यूएआरटी शिल्लक असेल. जीएसएम मोड्यूल जोड.